ग्रिमरॉक २ : बेटावरचे पहिले काही तास

फिनलंडमधल्या 'ऑलमोस्ट ह्यूमन' या छोट्याशा स्टुडिओने २०१२ साली 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' हा कॉम्प्युटर गेम काढला आणि १९८७च्या 'डंजन मास्टर' या गेमचा घाट पुन्हा जिवंत केला. एकेक चौकट पुढे सरकायचं, वळायचं ते काटकोनातच, आणि चौघांची टोळी एकत्रच हलणार. तो गेम मला मनापासून आवडला होता. म्हणून २०१४चा दुसरा भाग सुरू करताना उत्सुकतेइतकीच धाकधूकही होती. गेम आता उघड्यावर, बेटावर आलाय म्हटल्यावर पहिल्या भागातल्या बंदिस्त तळघरांची ती घुसमट टिकेल का?

टिकलीय. किनाऱ्यावरून जंगलात शिरलं की दाट झाडीच भिंतीचं काम करते. त्यात इथे दिवस मावळतो. रात्री मशालीच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि झाडाच्या मुळांसारखे दिसणारे ट्विगरूट नावाचे शत्रू पार जवळ आल्यावरच कळतात.

टोळी निवडायला मी भरपूर वेळ घेतला, आणि ज्याला हा गेम सुरू करायचाय त्यानेही घ्यावा. माझ्या चौघांत एक शेतकरी आहे. हो, शेतकरी हा इथे खराखुरा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, आहे! शत्रू मारून त्याला अनुभवाचे गुण मिळत नाहीत, ते मिळतात खाण्यातून. पुढच्या रांगेत मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा माणूस, ठेवलाय. ताकद जबरदस्त, पण भूकही इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे किनाऱ्यावर कासव मारून मांसाचा तुकडा हाती आला की तो कुणाच्या तोंडी घालायचा, हा प्रश्न पहिल्या तासापासूनच उभा राहतो. तिसरा जादूगार आणि चौथी अल्केमिस्ट, म्हणजे वनस्पतींपासून औषधं बनवणारी. तिच्याजवळ ठेवलेल्या वनस्पती आपण चालत राहू तशा आपोआप वाढतात. म्हणून मी औषधं भराभर बनवून संपवत नाही, बियाणं राखावं तशी प्रत्येक जातीची एकेक काडी राखून ठेवतो.

लढाई थांबत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. जादूगाराकडे तीन बाय तीनचा नऊ खुणांचा चौकोन असतो. साधा 'फायरबर्स्ट' एकाच खुणेवर निघतो, पण मोठ्या मंत्राला माउसने खुणा जोडत रेघ ओढावी लागते, आणि तेवढ्यात समोरचं जनावर एक चौकट पुढे आलेलं असतं. मी आधी बाजूला सरकतो, मग रेघ ओढतो, मग पुन्हा सरकतो. मागच्या रांगेतल्यांना दगड दिलेत. फेकायचे आणि लढाई संपली की गोळा करायचे. पहिल्या भागात शत्रूभोवती गोल फिरत त्याला सहज थकवता यायचं. इथले प्राणी तेवढे भोळे वाटत नाहीत.

खरा फरक मात्र कोड्यांत आहे. आधी कुलूपबंद दार दिसलं की किल्ली त्याच मजल्यावर कुठेतरी असणार, अशी खात्री वाटायची. इथे ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. बेटाच्या मालकाच्या चिठ्ठ्या जागोजागी सापडतात, पण त्या बोट धरून नेत नाहीत. सुरुवातीला बंद दारापाशी मी बराच रेंगाळायचो. आता नकाशावर टीप लिहितो, 'लोखंडी दार, किल्ली नाही', आणि पुढे निघतो. परत कधीतरी त्याच वाटेवर हातात किल्ली घेऊन येण्यातला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे. भिंती निरखायची सवयही सोडायची नाही. दगडांच्या फटीत दडलेलं बारीकसं बटण अजूनही तितकंच निसटतं, आणि ते दाबल्यावर भिंत सरकताना येणारा घरघराट मला आजही आवडतो. शिवाय फावडं मिळालं की जमीनही शोधायची जागा होते.

नकाशा आपोआप न काढणारा जुन्या पद्धतीचा पर्याय यातही आहे. पहिला भाग मी आलेखाच्या वहीवर नकाशा काढत खेळलो होतो. या वेळी तो पर्याय मुद्दाम बंद ठेवलाय. बेटावर इतक्या वाटा फुटतात, वर-खाली इतके जिने आणि खड्डे आहेत, की पहिल्या खेपेला बेट नीट बघून घ्यावं असं वाटलं. वही दुसऱ्या खेपेला काढणार आहे.