योबेल वर्षाचा हिशेब

शाळेला पन्नास वर्षे झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. स्नेहसंमेलन, मैदान, मधली सुट्टी यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी बायबलच्या तासातल्या एकाच धड्याबद्दल लिहितो, कारण सुवर्णमहोत्सवाला तो नेमका लागू पडतो. पन्नासाव्या वर्षाचे महत्त्व ज्या ग्रंथात सांगितले आहे, तिथे ते वर्ष हारतुऱ्यांचे नाही, हिशेबाचे आहे.

आपल्या त्या तासाची शिस्त साधी होती. सुटे वचन उचलायचे नाही, अध्याय पुरा वाचायचा, आकडे असतील तर फळ्यावर मांडायचे. देवाच्या न्यायासारखा विषय शिकताना ही शिस्त फार उपयोगी पडते, कारण सुट्या वचनांनी माणसांना घाबरवणे अगदी सोपे असते.

बायबलमधले लेवीय हे पुस्तक, अध्याय २५. सहा वर्षे पेरणी, सातवे वर्ष जमिनीला विसावा. अशी सात सप्तके, म्हणजे ४९ वर्षे झाली की सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी देशभर शिंग फुंकायचे. हा दिवस प्रायश्चित्ताचा. सुटकेची घोषणा इतर कुठल्या सणाला नव्हे, तर पापांची कबुली होते त्याच दिवशी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी जमीन पडीक राहते, विकलेले शेत मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि गरिबीमुळे दुसऱ्याच्या घरी राबणारा इस्राएली बांधव मुलाबाळांसह मोकळा होतो. शेताची किंमत ठरवण्याची रीतही दिली आहे: पुढच्या योबेलापर्यंत जितकी पिके निघणार तितके पैसे. चाळीस पिके उरली असतील तर भाव जास्त, चारच उरली असतील तर अगदी थोडा. विकली जातात ती पिके. जमीन विकली जातच नाही, कारण ‘जमीन माझी आहे’ असे देव २३ व्या वचनात सांगतो. तटबंदी असलेल्या शहरातले घर मात्र एका वर्षाच्या आत सोडवले नाही तर कायमचे विकत घेणाऱ्याचे. पेठेतल्या वाड्यांची भांडणे योबेलानेही मिटली नसती.

हे बिघडते कुठे, तेही नियमशास्त्राला ठाऊक होते. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचे, असे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा १५ वा अध्याय सांगतो आणि लगेच ९ व्या वचनात बजावतो की, सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने देताना हात आखडू नका. माफीची तारीख ठरली की देणारा आधीपासूनच सावध होतो! कायदा मोडायलाही नको, फक्त कर्ज नाकारायचे. त्या नुसत्या विचारालाच तिथे पाप म्हटले आहे. जुन्या करारात योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळल्याची एकही हकिकत सापडत नाही.

सापडते ती सुटका देऊन परत हिरावल्याची, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३४ व्या अध्यायातली. माझ्या मते न्यायाचा विषय शिकवायला याहून चांगला अध्याय नाही, आणि तो फारच कमी शिकवला जातो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. सिद्कीया राजाने व सरदारांनी मंदिरात करार केला: वासरू कापून दोन भाग केले, त्यांमधून चालत गेले आणि आपले इब्री दासदासी सोडून दिले. मग मिसरचे (इजिप्तचे) सैन्य निघाल्याची बातमी आली आणि बाबेलच्या फौजा काही काळ मागे हटल्या. लगेच सोडलेली माणसे पुन्हा धरून आणली गेली. यावर यिर्मयाने कळवलेला निकाल असा: तुम्ही बांधवांना सुटका दिली नाही, म्हणून मी तुम्हालाच सुटका देतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला.

इथे दोन गोष्टी दिसतात. शिक्षा गुन्ह्याच्याच मापाची आहे. आणि मंदिर कोणी सोडले नव्हते, उपासना चालूच होती. अविश्वासूपणा म्हणजे देवळाकडे पाठ फिरवणे, अशी आपली समजूत असते. या लोकांनी मंदिरातली शपथ घरच्या दासीच्या बाबतीत मोडली. संकट टळल्याबरोबर जी टिकत नाही ती निष्ठा नव्हेच, वेढ्याची भीती होती.

यरुशलेम इ. स. पू. ५८६ च्या सुमारास पडले आणि लोक बाबेलात पाडाव म्हणून, म्हणजे कैद करून, नेले गेले. २ इतिहास ३६:२१ म्हणते, जमिनीने आपले चुकलेले शब्बाथ, म्हणजे विसाव्याची वर्षे, भरून काढीपर्यंत देश ७० वर्षे ओसाड राहिला. सात वर्षांमागे एक धरल्यास ७० म्हणजे ४९० वर्षांची थकबाकी, असा हिशेब काही भाष्यकार मांडतात. फळ्यावर हे मांडताना जपून. पाडाव झालेल्यांना परत जाऊ देणारे इराणच्या कोरेश राजाचे फर्मान इ. स. पू. ५३८ चे, म्हणजे मधली वर्षे ४८ च भरतात. मंदिर पडल्यापासून नवे मंदिर पुरे होईपर्यंत मोजले तर मात्र जवळजवळ ७० येतात. अशा आकड्यांवरून जगाच्या शेवटाची तारीख काढू पाहणाऱ्यांना तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे सांगणारे मत्तय २४:३६ दाखवावे आणि पुढे जावे.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे आपत्ती पाहून उलट दिशेने न्यायनिवाडा करणे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांची घरे गेली ते बाकीच्या पुणेकरांपेक्षा पापी होते काय? लूक १३ मध्ये शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मेल्याची गोष्ट निघते. येशू असाच प्रश्न करतो, ‘नाही’ असे स्वतःच उत्तर देतो आणि पश्चात्तापाचे बोट विचारणाऱ्यांकडे वळवतो. संदेष्टे न्याय सांगत तो बहुधा घटनेच्या आधी, कारणासह, आणि पुष्कळदा स्वतःच्याच लोकांना. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे १ पेत्र ४:१७ सांगते. शेजाऱ्याचे पाप मोजायला हा धडा नाही.

विश्वासू राहणे म्हणजे काय, हे त्याच पाडावाच्या काळातल्या मजकुरात सापडते. यिर्मया २९ मधले पत्र बाबेलात नेलेल्यांना आहे: घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तर बाबेलचे सरकारी अधिकारीच होते. नोकरी त्यांनी सोडली नव्हती. आगीच्या भट्टीत टाकण्याची धमकी असूनही मूर्तीपुढे लवणे ही एक गोष्ट नाकारली. दानीएल ३:१८ शिकवताना घाई करू नये. ते म्हणतात: देव सोडवील, आणि न सोडवले तरी आम्ही लवणार नाही. नवस बोलून फेडणे आणि ही निष्ठा यांतला फरक त्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. सहाव्या अध्यायात दानीएलाचे शत्रू त्याच्या कारभारात खोट शोधतात, ती सापडत नाही, म्हणून त्यांना त्याच्या प्रार्थनेकडे वळावे लागते, आणि तिच्यापायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकले जाते. कामात ढिलाई आणि प्रार्थनेत उत्साह असा प्रकार असता तर सिंहांच्या गुहेची गरजच पडली नसती.

नासरेथच्या सभास्थानात येशूने यशया ६१ वाचले (लूक ४). बंदिवानांना सुटका आणि प्रभूच्या प्रसादाचे (कृपेचे) वर्ष इथपर्यंत येऊन तो थांबला. मूळ वाक्य पुढे ‘सूड घेण्याच्या दिवसा’कडे जाते, तो भाग वाचला नाही. प्रसादाचे वर्ष आज, न्याय पुढे, असा याचा अर्थ पुष्कळ भाष्यकार लावतात. तो पुढचा भाग ख्रिस्ती मंडळी विसरलेली नाही. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात काय किंवा कॅम्पातल्या चर्चमध्ये काय, मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय येतोच.

वरच्या वर्गातली मुले इथे हटकून अडवतात: तारण विश्वासाने, मग न्याय कृत्यांवरून कसा? विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही असे सांगणारे योहान ५:२४ एकीकडे, प्रत्येकाला कृत्यांप्रमाणे फळ मिळेल असे सांगणारे २ करिंथ ५:१० दुसरीकडे. यातले एक वचन झाकून उत्तर देऊ नये. १ करिंथ ३ मध्ये पाया ख्रिस्ताचा आहे. त्यावर कोणी सोने, रुपे बांधतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा. अग्नी बांधकामाची परीक्षा करतो. ज्याचे जळते त्याचे नुकसान होते, तो स्वतः वाचतो, पण जणू आगीतून. कॅथलिक परंपरा शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मरणानंतर आत्मे शुद्ध होतात या, शिकवणीसाठी या वचनाकडे पाहते, प्रॉटेस्टंट पाहत नाहीत. आपल्या वर्गात दोन्ही घरची मुले असत, तेव्हा दोन्ही मते सांगून टाकलेली बरी.

महोत्सव समितीला एक सूचना. कमान आणि नामफलक यांचा खर्च ठरवण्याआधी थकलेल्या फीची यादी कार्यालयातून मागवावी आणि जमलेल्या निधीतून ती आधी भरावी, नावे जाहीर न करता. माफी होणार ही बातमी आधी फुटू देऊ नये, अनुवाद १५:९ च्या कारणासाठी. आणि त्याच अध्यायात, सुटणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले बरोबर द्यावे, असे आहे. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढच्या वर्षाच्या वह्यापुस्तकांचे पैसेही अंदाजपत्रकात धरावेत.