काळजातलं अंजीर

टपरीवर ‘एक कटिंग’ म्हटलं की चहाच येतो. ‘चहा’ म्हणावंच लागत नाही. विशेषण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलं की नामाचं काम संपतं. रोमन खवय्यांच्या अशाच एका विशेषणाने शरीरातल्या एका अवयवाचं नाव गिळून टाकलं.

लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. हा आपल्या ‘यकृत’चा सख्खा भाऊ. इतका सख्खा, की दोघांची खोडही एकच: षष्ठीत मध्येच ‘न’ उपटतो. संस्कृतात यकृत्‌चं यक्नः, लॅटिनमध्ये येकुरचं येकिनोरिस.

मिजाशीचा पदार्थ मात्र ‘येकुर फिकातुम’. फिकुस म्हणजे अंजीर. वड, पिंपळ, उंबराच्या शास्त्रीय नावात ‘फायकस’ असतं ते हेच. तेव्हा फिकातुम म्हणजे ‘अंजीरवालं’. शब्द बेतलाय ग्रीकांच्या ‘सिकोतोन’वर, आणि आजचे ग्रीकही यकृताला ‘सिकोती’च म्हणतात. अंजीर यकृतात भरत नसत, जनावराला चारत. जादा साखरेची यकृत चरबी करतं, तीच साठवून फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. हंसांना असं खुराकावर ठेवत. डुकरिणींवरचा प्रयोग आपिकियस या रोमन खवय्याचा, असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो: सुकी अंजिरं चारून माजवायचं, मग एकदम मध घातलेली वाइन पाजायची, की जनावर खलास. पाककृती म्हणून निर्दयच.

पुढे ‘येकुर’ गळलं, उरलं नुसतं ‘अंजीरवालं’, आणि ते कुणाच्याही यकृताला लागू झालं, माणसाच्यासुद्धा. इटालियनमध्ये फेगातो, पोर्तुगीजमध्ये फीगादु. स्पॅनिशमध्ये ‘फ’चा आधी ‘ह’ झाला, मग तोही मुका. लिहिताना एच, बोलताना इगादो. फ्रेंचांनी मधली व्यंजनं पार गिळून ‘फ्वा’ एवढंच ठेवलं. या सगळ्यांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षराकडे सरकलेला. रुमानियन ‘फिकात’ आणि व्हेनिसचं ‘फिगा’ यांनी मात्र तो जुन्या जागी, ‘का’वरच राखला.

व्हेनिसमध्ये या फिगाला जोड कांद्याची. कांदा जवळजवळ यकृताच्याच वजनाचा, पातळ चिरून मंद आचेवर अर्धा तास, तांबूस न होऊ देता. वासराच्या यकृताच्या पातळ पट्ट्या शेवटी, मोठ्या आचेवर, दोन-तीन मिनिटंच. जास्त वेळ ठेवलं की चामडं होतं. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी ते शिजत बसतं. अंजिराचा गोडवा कांद्याने भरून काढला, असं म्हणायला हरकत नाही.

वाक्प्रचारांत मात्र एकमत नाही. इटालियन माणसाला ‘फेगातो आहे’ म्हणजे तो छातीचा. फ्रेंचाला ‘फ्वा झाले’ म्हणजे तो टरकला. स्पॅनिशमध्ये ‘वाईट इगादो’चा माणूस मनात खुन्नस धरणारा. आपल्याकडे वाघाचं असतं ते काळीज, तव्यावर येते ती कलेजी, आणि येकुरचा सख्खा भाऊ राहिला फक्त डॉक्टरांच्या कागदावर. खाटकाकडे जाऊन ‘पाव किलो यकृत द्या’ म्हणून बघा.