चिखलकाल्यापासून चवथीपर्यंत

7 जुलै 2025. गोव्यातल्या माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा चिखलातला खेळ, खेळून मुलगा मागच्या दारात येऊन उभा राहिला. केसांपासून टाचांपर्यंत चिखल आणि तोंडभर हसू. नळाखाली त्याला उभा केला, अंगावर पाणी ओतलं आणि टॉवेल आणायला आत गेले, तर घरात एकही कोरडा टॉवेल नव्हता. दोरीवरचे तिन्ही ओले. कपाटातल्यांना कुबट वास, त्यातल्या एकावर पांढरी बुरशी. शेवटी माझ्या जुन्या साडीने त्याला पुसलं आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले.

फेब्रुवारीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग वॉकर आला. नोकरी आणि त्यांचं उठणं-बसणं यात दिवस संपायचा. पाच महिने जी वस्तू जिथे टेकवली ती तिथेच राहिली. औषधांच्या पिशव्या, डायपरचे पुडे, एक्स-रेची पाकिटं, लोकांनी जेवण घालून पाठवलेले आणि परत न गेलेले डबे. धुतलेल्या कपड्यांचा ढीग वसरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, कोचावर, त्यातूनच रोजचं काढून घालायचं. कोणी येणार म्हटलं की छातीत धडधडायचं.

पुढच्याच रविवारी कंबर कसली आणि मोठं कपाट एका दमात पलंगावर रिकामं केलं. तीच चूक झाली. तासाभरात आईंना भूक लागली, मग पाऊस कोसळला, लाईट गेली. रात्री अकरा वाजता पलंगावर तो डोंगर तसाच होता आणि मी खाली चटईवर झोपले. थकलेल्या माणसाने सगळं बाहेर काढून लावायला घेऊ नये. एका वेळी एकच खण काढावा, तो पुन्हा लागला की मग दुसरा.

पण सुरुवात कुठून करायची, हे मला शेजारच्या काकींनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्या डबा न्यायला आल्या, मी दार अर्धंच उघडलं. त्यांनी ते ढकललं, एकवार नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाय, पयलीं वास येता तें भायर काड. हेर मागीर." म्हणजे, आधी वास येतोय ते बाहेर काढ, बाकीचं नंतर.

त्या एका वाक्याने मला सुरुवात सापडली. काय ठेवायचं, काय टाकायचं हा विचारच नको. जे कुजतंय, जे ओलं आहे, तेवढंच. फ्रीजमधलं, ओट्याखालच्या बादलीतलं, पोतेऱ्याची जुनी फडकी. अर्ध्या तासात घराचा वास बदलला आणि मला पाच महिन्यांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

त्यानंतर आईंची वाट मोकळी केली. पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि पलंगापासून वसरीपर्यंत वॉकर सरळ जाईल एवढी जमीन. पायपुसणी उचलली, वायर भिंतीकडेने बांधली, चपला दाराबाहेर नेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस पायपुसण्यात अडकून पुन्हा पडलं तर काय, ही भीती मला रोज रात्री जागं ठेवायची. म्हणून बाकी घर कसंही असो, ही वाट आम्ही एक दिवसही अडू दिली नाही.

कपाटाने मात्र दोन आठवडे घेतले. बुरशी कोरड्या फडक्याने झटकली की तिचे कण घरभर उडतात, हे मला माहीत नव्हतं. मग नाकाला रुमाल बांधून, पाण्यात व्हिनेगर घालून ओल्या फडक्याने एकेक फळी पुसली, पंखा लावून दारं दिवसभर उघडी ठेवली. कपाट भिंतीला टेकलेलं होतं, ते वीतभर पुढे ओढलं. चिऱ्यांची भिंत पावसात ओल धरते. मागे वारा खेळला नाही की ती ओल थेट कपड्यांत उतरते. आणि अर्धवट वाळलेला कपडा घडी करून आत ठेवायचा नाही. पंख्याखाली सुकेपर्यंत तो खुर्चीवर लटकला तरी चालेल.

रात्री झोपण्याआधी ओटा कोरडा करायचा, एवढाच एक नेम धरला. सकाळी चहाला उठल्यावर निदान एक जागा तरी स्वच्छ दिसायची.

आईंच्या साड्या मी त्यांना विचारल्याशिवाय हलवल्या नाहीत. रोज संध्याकाळी चार-पाच साड्या त्यांच्या मांडीवर ठेवायची, ठेवायच्या की द्यायच्या ते त्या सांगायच्या. कधी एकाच साडीची गोष्ट अर्धा तास चालायची. वेळ गेला, पण मन कोणाचंच दुखावलं नाही. कागद मात्र दोन पिशव्यांत भरून दाराआड ठेवले आणि त्यांना हात लावला नाही.

27 ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आदल्या दिवशी वसरीत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या सजावटीची, लाकडी चौकट टांगली, फोंड्याच्या बाजारातून आणलेले सुपारीचे घोस आणि नारळ बांधले. आई वॉकर घेऊन एकट्या आल्या, मधे कुठेही न अडता. मान वर करून त्यांनी माटोळी नीट न्याहाळली.

"आनी आंबाडे खंय गो?" माटोळीत आंबाड्याची आंबट फळं बांधायची राहिली होती.

मुलगा छत्री घेऊन बाजाराकडे धावला.