तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या लॅपटॉपवर मी लिनक्स का टाकून देत नाही

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट थांबले आणि तेव्हापासून लग्नात, बारशात, नाशिकच्या गंगापूर रोडला भाजी घेताना मला एकच प्रश्न येतो. "तू स्वतः इतकी वर्षं विंडोजऐवजी ते फुकटचं लिनक्स वापरतोस, मग आमच्या लॅपटॉपवर टाकून द्यायला तुझं काय जातं?" विंडोज 11 तुमच्या जुन्या प्रोसेसरवर बसत नाही, चालता लॅपटॉप भंगारात द्यायला जीव होत नाही, हे सगळं मला कळतं. मी "सध्या वेळ नाही" म्हणतो. ते खोटं आहे. वेळ असतो.

खरं कारण मे 2019 मधलं आहे.

सिडकोतली माझी मामी उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घेते. कुरडया, उडदाचे पापड, बिबड्या. तिचा लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. मीच म्हणालो, "मामी, एका संध्याकाळचं काम आहे." कुणी मागितलं नव्हतं. त्या वाक्याच्या जोरावर मी शनिवारी संध्याकाळी डेबियन 9 चा, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराचा, पेनड्राइव्ह घेऊन गेलो. नेटइन्स्टॉल, म्हणजे जेमतेम पाया पेनड्राइव्हवर आणि बाकीचं सगळं इंटरनेटवरून. आधी लाइव्ह सिस्टिम, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स, चालवून वायफाय लागतंय का बघावं, हे मी तोवर दहा जणांना सांगितलं होतं. स्वतः बघितलं नाही. मामीची गिऱ्हाइकांच्या यादीची फाइल आणि फोटो पेनड्राइव्हवर घेतले, अख्खी डिस्क पुसली आणि पुढे गेलो.

इन्स्टॉलरला वायफाय कार्ड दिसलंच नाही. आत ब्रॉडकॉमची चिप होती. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, मुक्त नाही (त्याचा कोड सगळ्यांना खुला नसतो), तो वेगळा, मागाहून घालावा लागतो. म्हणजे वायफायसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. मी "नेटवर्क नंतर बघू" निवडलं. त्याचं फळ म्हणजे काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात लॉगिन आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. डेस्कटॉप नाही, माऊस नाही. मामी चहा घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं का रे?"

राउटर वरच्या मजल्यावर, भाडेकरूंच्या दाराबाहेर टांगलेला. माझ्याकडची केबल हातभर. एम. जी. रोडची दुकानं तोवर मिटलेली. मग लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. केबल लावली, दिवा हिरवा झाला, नेट काही नाही. माझ्या वहीत जुन्या आज्ञा होत्या, सगळ्या 'ईटीएच-झिरो' या नेटवर्क कार्डाच्या जुन्या नावाने. यंत्र म्हणे, असं उपकरणच नाही. अर्धा तास मी केबल काढून घालत होतो. डेबियन 9 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये नेटवर्क कार्डांची नावं बदलली होती, आता ते 'ई-एन-पी-टू-एस-झिरो' होतं. 'आयपी लिंक' एवढी आज्ञा टाइप केली असती तर समोर दिसलं असतं. ते नाव घालून पत्ता मागितला, पत्ता आला. मग पॅकेजं मागवली तर ते म्हणतं डिस्क घाला. इन्स्टॉलच्या वेळी नेट नव्हतं, त्यामुळे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत फक्त पेनड्राइव्हची ओळ होती. ती ओळ खोडून सर्व्हरचा पत्ता हाताने लिहिला. डासांनी फोडून काढलं होतं. (फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं असतं तर लॅपटॉपला तो साधं वायरचं कार्ड वाटला असता आणि हा सगळा जिना टळला असता. हे मला नंतर कळलं. फोन खिशातच होता.)

रात्री अडीचला हलकाफुलका एक्सएफसीई डेस्कटॉप आला, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर घातल्यावर ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बांधला गेला, वायफाय लागलं. मराठीच्या जागी चौकोन येत होते, लोहितचा फॉन्ट घातल्यावर तेही गेले. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होत होता. मी जिंकलो असं समजून झोपलो.

सकाळी मामीने यादी उघडली. चार वर्षांची गिऱ्हाइकं, कुणाला पापडात मिरं चालत नाही, कुणाचे किती बाकी. पडद्यावर डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा.

"माझी माणसं कुठे गेली रे?"

ती माणसं म्हणाली, यादी नाही म्हणाली. फाइल जशीच्या तशी होती, एक अक्षर कमी नव्हतं. पण ती टाइप झाली होती युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टात. तिथे 'क' हा 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या घरात 'क'चं चित्र बसवलेलं असतं. चित्र गेलं की घर उघडं पडतं. लिबरऑफिसच्या वरच्या चौकटीत त्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरात दिसत होतं, म्हणजे नाव आहे, फॉन्ट नाही. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात होता आणि ते फोल्डर मी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात लिनक्सचा काय दोष? हेच मी तेव्हा मामीला सांगत होतो. फॉन्टचा दोष, टाइप करून देणाऱ्याचा दोष, ब्रॉडकॉमचा दोष. सगळं खरं होतं. आणि ती हातावरचं पिठाचं पाणी पदराला पुसत ऐकत होती.

सोमवारी रविवार कारंज्याजवळच्या एका पत्रिका छापणाऱ्याकडून तो फॉन्ट मिळवला, फोल्डरात टाकला, यादी दिसली. काही जोडाक्षरं फुटलेलीच राहिली. मामीने त्या दोन दिवसांत आठवून आठवून सगळी नावं शंभर पानी वहीत उतरवली होती. आजही ऑर्डरी वहीतच असतात.

आता बरंच सोपं झालंय, हेही सांगतो. 2022 मध्ये डेबियनवाल्यांनी आपसात मतदान घेतलं आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून मुक्त नसलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. बहुतेकांचं वायफाय पहिल्या फटक्यात लागतं. मामीच्या चिपचा ड्रायव्हर मात्र फर्मवेअरमध्ये मोडत नाही, तो अजून वेगळाच घालावा लागतो. तुमच्या लॅपटॉपात कुठली चिप आहे? बघा, तुम्हालाही माहीत नाही. आणि फायली कुठल्या फॉन्टात आहेत हे तर कुणालाच माहीत नसतं.

कधी वाटतं, मी उगाच घाबरतो. पेनड्राइव्हवरून अर्धा तास चालवून बघितलं, फॉन्टांचं फोल्डर आधी उचलून ठेवलं की संपलं. एका संध्याकाळचं काम आहे. हे वाक्य डोक्यात आलं की मी परत "वेळ नाही" म्हणतो.

विंडोज 10 असुरक्षित झालं म्हणून तुम्ही माझ्याकडे येता ना? मामीचा लॅपटॉप अजून त्याच डेबियन 9 वर आहे. त्याला डेबियनकडून मिळणारे वाढीव मुदतीचे सुरक्षा-अपडेटसुद्धा जून 2022 लाच संपले. ती त्यावर कीर्तनं बघते आणि दर दिवाळीला विचारते, "ते नवीन काही आलंय म्हणे, टाकायचं का?" मी म्हणतो, "बघू, पुढच्या रविवारी."