अकरा घरं, चार दिवस

कोल्हापूरला निघायच्या आधी बायकोनं कागदावर घरं लिहून काढली. अकरा भरली. हाताशी दिवस चार. "म्हणजे दिवसाला पावणेतीन घरं," मुलानं हिशेब सांगितला. सातवीतल्या पोराला गणित येतं, कोल्हापूर येत नाही. इथं कुणाकडं उभ्या उभ्या जाता येत नाही. चपला काढल्या की चहा, चहा संपतोय तोवर पोहे, आणि पोहे खाताना आतून कुकरची शिट्टी आली की समजायचं, जेवल्याशिवाय सुटका नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो आणि सामान शिवाजी पेठेत आत्याच्या घरी टाकलं. दारातच नाक झोंबायला लागलं. मे महिना म्हणजे चटणीचे दिवस. बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आम्ही नुसतं चटणी म्हणतो; कोल्हापुरी माणसाला दुसरी कुठली चटणी सांगायची असेल तर तिचं नाव घ्यावं लागतं. अंगणात जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरलेल्या. रंगाला ब्याडगी, चवीला जवारी, आणि तिखटाला कमी पडू नये म्हणून मूठभर लवंगी. आत्या चुलीपुढं बसून एकेक जिन्नस वेगळा भाजत होती: धणे, तीळ, खोबरं, मग खडा मसाला. एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात, हे तिनं माझ्या बायकोला दोनदा सांगितलं. बायको नाशिकची. तिनं दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.

दुपारी सगळं डबे-पिशव्यांत भरून डंकावर गेलो. डंक म्हणजे कांडप यंत्र. लोखंडी मुसळं धाड धाड खालीवर होतात आणि आख्ख्या गल्लीला ठसका लागतो. रांगेत वीसेक बायका, प्रत्येकीच्या डोळ्यांवर अर्धा पदर. कांदा-लसूण शेवटी पडतो, तेव्हा कोरड्या भुकटीला ओल येते आणि रंग एकदम गडद होतो. तिथं तासभर उभं राहून मला निम्म्या पेठेच्या बातम्या कळल्या. यादीतल्या दोन घरांच्या भेटी रांगेतच उरकल्या, कारण त्या घरांतल्या मालकिणी आमच्या पुढंच उभ्या होत्या. बायकोनं कागदावर खुणा केल्या. आत्याला ते पटलं नाही. "रांगेतली भेट व्हय ही? घरला जायाचं." खुणा खोडाव्या लागल्या.

माझी लेक नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या नातींबरोबर खेळायला निघाली आणि दारातून ओरडली, "आई, मी जातो!" बायको चमकली. इकडच्या बायका-पोरी स्वतःबद्दल सर्रास 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात. माझी आजी शेवटपर्यंत असंच बोलली. मराठीच्या पेपरात याला मार्क कापतील हे मला माहीत आहे, तरी मी लेकीला दुरुस्त केलं नाही.

मिसळीवरून घरात थोडं वाजलं. नाशिकला पापड, दही, पाव असा थाट असतो. इथं समोर मिसळ आली आणि बाजूला स्लाइस ब्रेड. "पाव?" बायकोनं विचारलं. वाढणाऱ्यानं ब्रेडकडं बोट दाखवलं, "ह्योच की." मग कट आला आणि ती पाच मिनिटं बोलली नाही. निकाल काय लागला ते मी इथं लिहीत नाही, मला घरी राहायचं आहे.

मामांकडच्या तांबड्या-पांढऱ्याबद्दलही थोडक्यातच सांगतो. पांढरा रस्सा मुलानं सूप समजून वाटीनं पाच वेळा प्यायला आणि मामी त्याच्यावर कायमची खूश झाली.

संध्याकाळ शाळूसोबत्यासाठी राखली होती. त्याला आम्ही पैलवान म्हणतो. तालमीत तो जेमतेम दोन महिने टिकला, नाव मात्र टिकलं. "काय भावा, म्हातारा झालास की!" हे त्याचं स्वागत. त्यानं मुलाला खासबाग मैदान दाखवायला नेलं. युरोपातली आखाडे-नाट्यगृहं पाहून आलेल्या शाहू महाराजांनी हे कुस्त्यांचं मैदान बांधलं, मध्ये कुस्तीचा मातीचा हौद आणि भोवती उतरत्या पायऱ्या, म्हणजे लांबच्यालाही डाव दिसतो. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांच्या काळात, 1915 साली उभं राहिलेलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेलं. कॉलेजच्या एकांकिकेत पैलवान तिथं शिपाई झाला होता, वाक्य एकच, तेही विसरला. इतक्या वर्षांत हा किस्सा त्यानं मला शंभरदा हसत सांगितलाय. या खेपेला त्यानं तो सांगितला नाही. मीही विषय काढला नाही.

मग गंगावेशीत दूध प्यायला गेलो. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर फेसाचा डोंगर. मुलानं आधी म्हशीकडं बघितलं, मग पेल्याकडं, आणि "हे पिशवीतलं नाही ना?" असं विचारलं. पैलवान अजून फोन करून हसतो.

पन्हाळ्याला सगळे जातात, आम्हीही गेलो, चौदा जण. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी. मोठी माणसं सावली शोधत फिरली, पोरं करवंदांवर तुटून पडली.

चौथा दिवस जयसिंगपूरच्या मावशीचा होता. ती रोज फोन करायची, "कधी येताय?" आणि आम्ही रोज "येतो, येतो" म्हणत होतो. तिच्याकडं निघणार तोच आभाळ भरून आलं. वळीव असा कोसळला की अर्ध्या तासात गारा, वीज गायब, आणि गल्लीच्या तोंडावर गुलमोहराची फांदी आडवी. फांदी निघेपर्यंत गाडीची वेळ जवळ आली. मावशीला फोन केला. ती फक्त "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' लहानपणापासून ओळखतो, त्यात काहीच बरं नसतं.

परतीची महालक्ष्मी जयसिंगपूरला थांबली. दार उघडलं तर समोर मावशी, हातात छत्री आणि स्टीलचा डबा, मागं मावसभाऊ धापा टाकत. गाडीतला आमचा डबा कुठला हे तिनं बायकोला परस्पर विचारून घेतलं होतं.

"पोरांना दे," म्हणत तिनं डबा बायकोच्या हातात दिला. मी वाकून पाया पडलो. "तुझ्यासाठी काही नाही. तुझं घरी येऊन खायचं."

गाडी हलली. लेक माझ्या हाताखालून दारात डोकावून ओरडली, "आजी, मी दिवाळीला येतो!"

मावशी हसली. माझ्याकडं बघून मात्र नाही.