'ओके'चं गाव

न्यू जर्सीहून भाचीच्या गाडीने हडसन नदीच्या काठाकाठाने उत्तरेला निघालो. "मावशी, किंडरहूकला आहे तरी काय?" तिने विचारलं. म्हटलं, "तू दिवसभर म्हणत असतेस तो 'ओके'."

गोष्ट सुरू होते बॉस्टनमध्ये. तिथल्या वर्तमानपत्रांना तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची हौस लागली होती. 'ऑल राइट'चं 'ओ. डब्ल्यू.', तसं 'ऑल करेक्ट'चं 'ओ. के.'! २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापलेलं आहे. अशी कितीतरी लघुरूपं आली नि विरून गेली. हे तगलं, त्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन १७८२ साली इथे जन्मले. १८४०च्या निवडणुकीत समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायला सुरुवात केली आणि न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' काढला. विरोधकांनी उलटी आवई उठवली: त्यांचे गुरू, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही, म्हणून ते कागदांवर 'ओ. के.' लिहितात! व्हॅन ब्युरेन हरले. शब्द मात्र तोवर घरोघरी पोचला होता.

हा शब्द चॉक्टॉ या मूळनिवासी भाषेतून आला, असंही सांगतात. पुढचे एक अध्यक्ष वुड्रो विल्सन त्याच समजुतीने 'ओकेह' लिहीत. मलाही ती कथा फार आवडायची. पण कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून तारखांसकट पुरावे मांडले. ते वाचल्यावर मी ती सोडून दिली.

गावाबाहेर 'लिंडनवॉल्ड' हे व्हॅन ब्युरेन यांचं मनोऱ्याचं घर आहे. दिवाणखान्याच्या भिंतींवर शिकारीच्या देखाव्यांचा कागद अजून आहे. मी रेंगाळले ती मात्र गावातल्या दफनभूमीत. किंडरहूक हे नावच डच, 'मुलांचा कोपरा' अशा अर्थाचं. इंग्रजी मातृभाषा नसलेले व्हॅन ब्युरेन हे एकमेव अमेरिकन अध्यक्ष. पत्नी हॅनाही इथलीच. घरात दोघं डच बोलत. ती १८१९ मध्येच गेली, 'ओके' छापून यायच्या वीस वर्षं आधी. आता दोघं इथेच शेजारी आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते.