ओल्या चेहऱ्यावरचे थेंब

आज चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं लेबल नीट वाचलं. ग्लिसरीन, सोडियम हायलुरोनेट, तांदळाचा आंबवलेला अर्क. जपानी परंपरेतून आलेलं सीरम म्हणून घेतलं होतं, आणि यातलं काय खरंच तिथलं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

तांदूळ नक्कीच तिथला. हेइआन काळातल्या, म्हणजे आठव्या ते बाराव्या शतकातल्या, जपानी दरबारी स्त्रिया आपले लांबसडक केस तांदळाच्या धुवणाने विंचरत. पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तांदळाच्या कोंड्याची छोटी कापडी पुरचुंडी पाण्यात भिजवून तिने अंग धूत. चेहऱ्याला लावायचं पाणीही तेव्हापासूनचं. 1813 साली क्योतोत निघालेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या एका पुस्तकात रानगुलाबाच्या फुलांचा अर्क घरीच वाफेवर कसा काढायचा, ते दिलं आहे. शिसेइदो या जपानी प्रसाधन कंपनीचं लाल रंगाचं युदर्मिन लोशन आलं 1897 साली, म्हणजे तेही याच वाटेवरचं.

लेबलवरचं सोडियम हायलुरोनेट म्हणजे हायलुरोनिक आम्लाचा क्षार. या आम्लाची गोष्ट मात्र वेगळी. ते 1934 साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यातल्या द्रवात सापडलं. नंतर कितीतरी वर्षं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. जिवाणूंकडून आंबवून ते बनवायला लागल्यावर प्रसाधनांत सर्रास दिसू लागलं, आणि त्या कामात जपानी कंपन्या पुढे होत्या. आंबवण्याची कला त्या देशाच्या हाडीमाशी मुरलेली, हे मला फार आवडलं.

पण बाटलीपेक्षा पद्धत महत्त्वाची, असं माझं मत पक्कं होत चाललंय. आधी पातळ, मग दाट. तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, चेहरा ओलसर असतानाच थेंब तळव्यावर घेऊन गालांवर, कपाळावर हलकेच दाबायचे. घासायचं नाही. सीरममधली ही द्रव्यं पाणी धरून ठेवतात, पण हवा कोरडी असेल आणि वरून काही लावलं नाही, तर ते पाणी उडून जातं आणि कातडी उलट ताणल्यासारखी होते. म्हणून वर क्रीम किंवा तेलाचा पातळ थर हवाच. जपानात त्यासाठी त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. इझु ओशिमा आणि गोतो ही बेटं त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

सुरकुत्या पुसल्या जातील, रंग उजळेल, असं काही मी यातून मागत नाही आणि कोणी तसं सांगितलं तर विश्वासही ठेवणार नाही. नाकाच्या बाजूची पापुद्र्यासारखी सुटणारी कातडी आता शांत आहे. हसलं की गाल ओढल्यासारखे होत नाहीत. मला एवढंच हवं होतं, ते मिळालं.

दाबताना तळवा क्षणभर तसाच ठेवते. दिवसभर या चेहऱ्याला मी हात लावते तो घाम पुसायला नाहीतर पिंपल चाचपायला. इतक्या मायेने एरवी कुठे?

हवा दमट झाली की वरचं तेल बंद करून नुसत्या हलक्या जेलवर भागतं का, ते बघायचं आहे.